दागिन्यावरचं बारीक अक्षर: ९१६, एचयूआयडी आणि ‘एक ग्रॅम’चा खरा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, किंवा सराफाच्या दुकानात उभं राहून पटकन काहीतरी बघायचंय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, आकडे तेवढे नीट मांडलेत.

विषय सोन्याचा. ‘भाव कुठे चाललाय, आत्ता घ्यावं का’ यावर आज बोलायचं नाही. त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ: तुमच्या हातात जो दागिना आहे, तो नक्की काय आहे?

हा प्रश्न आत्ताच का? कारण आपल्यापैकी बरेच जण आता दागिने मोबाईलवर बघतात. फोटोत सगळंच पिवळं धमक दिसतं. खाली लिहिलेलं असतं ‘२२ कॅरेट गोल्ड प्लेटेड’. डोळा ‘२२ कॅरेट’वर थांबतो, ‘प्लेटेड’ निसटून जातं. दुसरीकडे घरातल्या कपाटात आजीचा डबा असतो. त्यातलं काय सोन्याचं आणि काय मुलाम्याचं, हे फक्त तिलाच माहीत असतं. आणि ते विचारायची वेळ नेमकी अडचणीत येते. कॉलेजची फी, दवाखान्याचं बिल, सोनं तारण कर्ज. तेव्हा काउंटरवर कळतं की हा डाग सोन्याचा नाहीच.

तर सुरुवात आकड्यांपासून.

कॅरेट म्हणजे चोविसात किती

शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरेट. ते मऊ असतं, रोजच्या वापरात वाकतं, झिजतं. म्हणून त्यात तांबं, चांदी वगैरे मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं आणि २ भाग इतर धातू. २२ ला २४ ने भागा: ०.९१६६. म्हणजे हजारात साधारण ९१६ भाग. दागिन्यावरचा ‘९१६’ इथूनच आला. हा कुठलाही कोड नाही, साधा भागाकार आहे.

बाकीचे आकडेही तसेच:

- २४ कॅरेट – ९९५
- २३ कॅरेट – ९५८
- २२ कॅरेट – ९१६
- २० कॅरेट – ८३३
- १८ कॅरेट – ७५०
- १४ कॅरेट – ५८५
- ९ कॅरेट – ३७५

भारतात हॉलमार्क मिळतो तो या प्रतींना. यातलं ९ कॅरेट २०२५ मध्ये नव्याने आलं. आपल्याकडे पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र यांना सहसा २२, आणि हिऱ्याच्या दागिन्यांना १८ किंवा १४. खडा घट्ट धरून ठेवायला थोडा कडक धातू लागतो, म्हणून.

घरात कोणी आखातात नोकरीला असेल, तर ‘८७५’ असा शिक्का दिसू शकतो. ते २१ कॅरेट. तिकडे ते नेहमीचं आहे. आपल्या यादीत नाही, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. अमेरिकेहून आलेल्या अंगठीवर ‘१०के’ किंवा ‘४१७’ असेल, तर ते १० कॅरेट. सोनंच आहे, फक्त निम्म्याहून कमी.

आणि ‘केडीएम’? जुन्या दागिन्यांवर हे हमखास सापडतं, आणि घरातली मोठी माणसं अभिमानाने सांगतात, ‘आमचं केडीएमचं आहे हो.’ केडीएम म्हणजे कॅडमियम. दागिन्याचे तुकडे जोडायला डाक लावतात, त्यात हा धातू वापरायचे. ते डाक कसं होतं तेवढंच या अक्षरांवरून कळतं, पूर्ण दागिना किती कॅरेटचा हे कळत नाही. कॅडमियमचा धूर कारागिरांच्या तब्येतीला घातक, म्हणून ती पद्धत मागे पडली. तेव्हा केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

हॉलमार्कमध्ये आता तीन गोष्टी

भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० सालापासून आहे, पण ते ऐच्छिक होतं. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, सुरुवात २५६ जिल्ह्यांतून. जुलै २०२१ पासून एचयूआयडी आला. आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना विकायचा तर त्यावर सहा अक्षरी एचयूआयडी हवाच.

त्यामुळे आज नवीन दागिना घेताना तीन खुणा शोधायच्या:

१. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह.
२. शुद्धता, उदाहरणार्थ ‘२२के९१६’.
३. एचयूआयडी, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सहा जागांचा नंबर. प्रत्येक दागिन्याचा वेगळा.

आधीच्या पद्धतीत चार खुणा असायच्या: बीआयएस चिन्ह, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण. आईच्या बांगडीवर तशा चार खुणा असतील तर घाबरू नका, तो हॉलमार्क तिच्यासाठी अजूनही ग्राह्य आहे. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या कपाटावर नाही. बिनहॉलमार्कचं जुनं सोनंही तुम्ही सराफाला विकू शकता.

हे अक्षर लेझरने इतकं बारीक कोरलेलं असतं की डोळ्याला नुसता ओरखडा वाटतो. दुकानात भिंग मागा, ते ठेवणं अपेक्षितच आहे. नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, टॉर्च तिरका धरा.

मग ‘बीआयएस केअर’ हे ॲप उघडून एचयूआयडी तपासायच्या जागी तो नंबर टाका. सराफाचा नोंदणी क्रमांक, कोणत्या केंद्रात तपासणी झाली, दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हे सगळं समोर येतं. इथे बरेच जण ‘नंबर सापडला’ एवढं बघून ॲप बंद करतात. तसं करू नका. दागिन्याचा प्रकार जुळतोय का बघा. ॲप म्हणतंय ‘अंगठी’ आणि तुमच्या हातात चेन आहे, तर तो नंबर दुसऱ्याच दागिन्याचा उचललेला असू शकतो. नंबर खरा असणं आणि तो याच दागिन्याचा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही गोष्टींना या सक्तीतून सूट आहे: दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे डाग, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम. त्यामुळे बारीक चमकीवर किंवा बाळाच्या छोट्या अंगठीवर शिक्का नसेल तर लगेच फसवणूक समजू नका. पण तिथे पावतीचं महत्त्व दुप्पट होतं.

शिक्का शुद्धता सांगतो, वजन नाही

हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हॉलमार्क सांगतो की जे सोनं आहे ते किती कसाचं आहे. सोनं आहे किती, ते पावती सांगते.

आपल्या मराठी दागिन्यांत तर हे फारच महत्त्वाचं. मंगळसूत्रात काळे मणी असतात, ते काही सोनं नाही. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असते. नथीत मोती, खडे. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. बिलात दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचा आकार वेगळा दाखवायला हवा. हा आकार मार्च २०२२ पासून दर नगाला ४५ रुपये अधिक कर असा ठरला. म्हणजे ‘हॉलमार्कचं घ्याल तर महाग पडेल’ असं कोणी म्हणालं, तर हा आकडा आठवा.

आणि तोळा? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. आजी म्हणते ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’, तेव्हा ती कुठला तोळा म्हणतेय ते विचारा. पाच तोळ्यांमागे आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो.

आता मुलामा: जीपी, जीएफ आणि मंडळी

मुलाम्याच्या दागिन्यांवरही अक्षरं असतात, आणि ती वाचता आली की निम्मा गोंधळ संपतो.

जीपी, जीईपी – गोल्ड प्लेटेड, गोल्ड इलेक्ट्रोप्लेटेड. आत पितळ, तांबं वगैरे, वर विजेच्या साहाय्याने चढवलेला सोन्याचा पातळ थर. आपल्या भाषेत ‘सोन्याचं पाणी दिलेलं’. शब्द अगदी चपखल आहे.

एचजीई – तेच, थर थोडा जाड.

जीएफ – गोल्ड फिल्ड. नावावर जाऊ नका, आत सोनं ‘भरलेलं’ नसतं. सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन दुसऱ्या धातूवर बसवलेला असतो. अमेरिकेहून आलेल्या जुन्या चेन, घड्याळं, चष्म्यांच्या फ्रेमवर ‘१/२० १४के जीएफ’ असं दिसतं. अर्थ: वजनाचा विसावा भाग १४ कॅरेट सोनं. १० ग्रॅमच्या चेनमध्ये अर्धा ग्रॅम १४ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं जेमतेम ०.२९ ग्रॅम. पण साध्या मुलाम्यापेक्षा ते कितीतरी जास्त टिकतं.

९२५ – हा चांदीचा आकडा. पिवळ्या दागिन्यावर ९२५ दिसलं तर आत चांदी, वर सोन्याचा मुलामा. बाहेर याला ‘व्हर्मील’ म्हणतात. अमेरिकेच्या नियमांत व्हर्मीलसाठी थर किमान अडीच मायक्रॉन धरतात. याची मोड केली तर निदान चांदीचे पैसे येतात.

आता ते फसवं वाक्य: ‘२२ कॅरेट गोल्ड प्लेटेड’. यातलं २२ कॅरेट हे वरच्या थराचं वर्णन आहे, दागिन्याचं नाही. घराला चंदनी रंग दिला म्हणून घर चंदनाचं होत नाही.

मुलाम्याच्या दागिन्याला बीआयएसचा सोन्याचा हॉलमार्क मिळूच शकत नाही. त्यामुळे कोणी ‘हॉलमार्कवालं प्लेटेड’ म्हणून विकत असेल, तर तिथून निघा. आणि पितळेवर नुसतं ‘९१६’ ठोकलेलं मिळतं, म्हणून एकट्या आकड्यावर विश्वास नको. त्रिकोण, आकडा, एचयूआयडी, तिन्ही हवेत.

‘एक ग्रॅम’मध्ये किती ग्रॅम?

जरा गंमतशीर हिशोब करू. लागणार फक्त गुणाकार.

मुलाम्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा एका बांगडीवर अर्धा मायक्रॉन थर आहे. बांगडीचा घेर साधारण १८ सेंटिमीटर, आणि आतली, बाहेरची बाजू आणि कडा मिळून रुंदी १.३ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं सुमारे २४ चौरस सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं. यावरून एका बांगडीवरचं सोनं येतं साधारण २३ मिलिग्रॅम.

हिशोबाला सोपं म्हणून भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर त्या सोन्याची किंमत २३० रुपये. तेही ते वेगळं काढता आलं तर! काढायचा खर्च त्याहून जास्त, म्हणून सराफ अशा एका बांगडीचं काहीच देत नाही. तो तुम्हाला लुटत नसतो.

उलटं करून बघा. अशा थराने एक ग्रॅम सोन्यात चाळीसहून जास्त बांगड्या रंगवून होतील. ‘एक ग्रॅम ज्वेलरी’ हे बाजारात रुळलेलं नाव आहे. प्रत्येक डागात एक ग्रॅम सोनं आहे, याची ती हमी नाही. खरंच ग्रॅमभर सोनं असल्याचा दावा असेल, तर विचारा: पावतीवर लिहून द्याल? आणि परत घेताना काय भावाने घ्याल?

मग प्लेटेड घ्यायचंच नाही का?

असं अजिबात नाही. लोकलच्या गर्दीत, यात्रेत, रात्रीच्या एसटीत गळ्यात खरं मंगळसूत्र घालून धास्तावण्यापेक्षा मुलाम्याचं घालणं शहाणपणाचं. बेन्टेक्सची परंपरा घराघरात आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नऊवारीवर ठुशी, तन्मणी, साज घालून फोटो काढायचे तर त्यासाठी लाखो रुपये अडकवायची गरज नाही.

फक्त दोन पैशांतला फरक ओळखा. खऱ्या सोन्यात दिलेले पैसे बरेचसे परत येतात. वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव, वजा घट. घडणावळ आणि जीएसटी मात्र परत येत नाही. प्लेटेडमध्ये दिलेले पैसे खर्च झाले, साडीवर होतात तसे. त्यामुळे प्लेटेडची किंमत ठरवताना विचारायचं: किती वेळा घालणार? हजार रुपयांचा हार वीस समारंभांना घातला तर वेळेला पन्नास रुपये. उत्तम सौदा. पण ‘गुंतवणूक’ हा शब्द कोणी वापरला, तर सावध व्हा.

टिकवायचं तर अत्तर, घाम, साबण यापासून जपा, आणि घालून झाल्यावर मऊ कपड्याने पुसून ठेवा. थर आधी उडतो तो घासणाऱ्या जागी: अंगठीची आतली बाजू, चेनचा फासा, बांगडीची कड. जुना डाग तपासताना पहिल्यांदा तिथेच बघा. खाली लालसर दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर चांदी किंवा दुसरा एखादा पांढरा धातू. अंगाला खाज येत असेल तर आतल्या निकेलची शक्यता असते, घालणं बंद करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*‘घरी चुंबक लावून कळेल का?’*

चुंबकाला चिकटलं तर आत लोखंडासारखं काहीतरी आहे, एवढं कळतं. पण पितळ, तांबं, चांदी यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा ‘चिकटलं नाही म्हणून सोनं’ हा निष्कर्ष चुकीचा.

*‘कसोटीवर घासलं तर?’*

कसोटीचा दगड आणि तेजाब ही जुनी आणि कामाची पद्धत, पण ती वरचा थर तपासते. म्हणून अनुभवी सराफ आधी कानशीने थोडं आत जातो. एक्स-रे वापरणाऱ्या मशीनचंही तसंच. ती दागिना न कापता मिनिटभरात कॅरेट सांगते, पण ती किरणंही फार खोल जात नाहीत. जाड थर दिला असेल तर तीही चकू शकते. अखेरचा शब्द आगीचा. थोडा नमुना काढून तो शिशासोबत भट्टीत तापवतात, आम्लाने चांदी वेगळी करतात आणि उरलेलं शुद्ध सोनं तोलतात.

या आगीच्या कामात आपला सांगली जिल्हा पुढे आहे, हे तुम्हाला माहीत होतं? विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरातल्या शहरांत सोनं-चांदी गाळायचं काम करतात. भारताच्या कुठल्याही टोकाच्या सराफ बाजारात अचानक मराठी कानावर पडलं, तर नवल नाही.

*‘मला स्वतःला तपासून घ्यायचं असेल तर?’*

बीआयएसच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकही दागिना घेऊन जाऊ शकतो. २०२३ मध्ये सांगितलेला दर असा: चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर प्रत्येकी ४५. आपल्या जवळचं केंद्र बीआयएसच्या वेबसाइटवर सापडतं.

*‘आणि शिक्क्यापेक्षा कमी निघालं तर?’*

तर भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. २०१८ च्या बीआयएस नियमांनुसार शुद्धतेतल्या तुटीची जी रक्कम येईल तिच्या दुप्पट, अधिक तपासणीचा खर्च. उदाहरण: २० ग्रॅमचा दागिना २२ कॅरेट म्हणून घेतला, निघाला २० कॅरेट. हजारात ८३ भाग कमी, म्हणजे १.६६ ग्रॅम सोनं कमी. ग्रॅमला १०,००० धरले तर १६,६००, त्याची दुप्पट ३३,२०० रुपये. पण यासाठी पावती हवी. ‘ओळखीचे आहेत, पावती कशाला’ हे वाक्य इथे महागात पडतं.

शेवटचं, याद्यांबद्दल

लग्नाच्या याद्या होतात तेव्हा कागदावर लिहितात ‘पाटल्या, ठुशी, मंगळसूत्र’. कधीकधी पुढे तोळ्यांचा आकडा. बास. लग्नाच्या फोटोत खरं आणि मुलाम्याचं एकाच ताटात मांडलेलं असतं, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. पण ते दागिने मुलीचे असतात, कायद्याने तिचं स्त्रीधन असतं. दहा वर्षांनी तिला त्यातला एखादा मोडायची वेळ आली, किंवा दुर्दैवाने घर सोडायची वेळ आली, तर ‘आठ तोळे घातले होते’ या बोलण्याला काही आधार नसतो.

तेव्हा याद्या करताना प्रत्येक डागापुढे चार गोष्टी लिहा: निव्वळ वजन, कॅरेट, एचयूआयडी, आणि पावती कोणाकडे आहे. मुलाम्याचं असेल तर सरळ ‘मुलामा’ लिहा. त्यात लाज कसली? पावत्यांचे आणि दागिन्यांचे फोटो नवऱ्या मुलीच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असू द्या. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी हे मोठ्या माणसांना अदबीने, पण नक्की सांगा. ‘आत्या, वहीत नंबरपण लिहूया ना’ एवढं म्हणालात तरी पुरे.

आणि आजीच्या डब्याचं काय? एखाद्या निवांत दुपारी तिच्याजवळ बसा, एकेक डाग हातात घ्या, विचारा: हा कुठून आला, कोणी केला, खरा की मुलाम्याचा? ती सांगेल, तुम्ही फोनमध्ये टिपून ठेवा. ही माहिती कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातल्या दागिन्यावर एखादी न कळणारी खूण असेल, तर तिचा जवळून काढलेला फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू. फक्त एचयूआयडी आणि पावतीवरचं नाव झाकून पाठवा बरं का!